आजचे नाव, तेव्हाचे बिल

बंगळुरूतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत कोड तपासताना एक वाद हमखास निघतो, आणि निघतो तितक्याच घाईने मिटवला जातो. बिलाच्या मॉडेलला ग्राहकाचे नाव, शहर, जीएसटी क्रमांक हे सगळे लागते. पण ही माहिती राहते ग्राहकाच्या टेबलात. ती बिलावर आणायची कशी? टेबलांना प्रोग्रॅममधल्या वस्तूंचे रूप देणारा जो थर असतो, म्हणजे ओआरएम, त्यात याला सोपी वाट आहे. बिलाला एक कम्प्युटेड प्रॉपर्टी जोडायची. वाचणाऱ्याला ते बिलाचेच फील्ड वाटते. प्रत्यक्षात दर वेळी ते ग्राहकाकडे जाऊन उत्तर घेऊन येते. जँगोत हे तीन ओळींत होते, रेल्समध्ये ‘डेलिगेट’ने, ओडूत ‘रिलेटेड’ एवढे लिहिले की झाले. दुसरी वाट म्हणजे बिलाच्या टेबलातच रकाना ठेवून त्यात ती किंमत उतरवून घेणे. यातले काय निवडायचे ही सोयीची किंवा सवयीची बाब समजली जाते. माझ्या मते हा प्रश्न सोयीचा कमी आणि काळाचा जास्त आहे. तो दोन्ही बाजूंनी तपासता यावा म्हणून खालचा संवाद रचला आहे. एका बाजूला प्रॉपर्टीचा कैवार घेणारा तरुण डेव्हलपर आहे, दुसऱ्या बाजूला अनेक वर्षे डेटाबेस सांभाळलेल्या डीबीए ताई. दोघेही बंगळुरूत नोकरी करणारे मराठी, दोघेही काल्पनिक. त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

डेव्हलपर: ताई, माझं म्हणणं अगदी जुनं आहे. १९७० साली आयबीएममधल्या कॉडनं रिलेशनल मॉडेल मांडलं, आणि त्यातून पुढे जी नॉर्मलायझेशनची शिस्त उभी राहिली, तिचं सार एवढंच की एक गोष्ट एकाच जागी लिहा. ग्राहकाचं नाव ग्राहकाच्या टेबलात आहे ना? मग ते बिलात पुन्हा कशाला? दोन जागी लिहिलं की कधी ना कधी दोन वेगळी उत्तरं मिळणार. आणि तुम्ही म्हणाल की मग टेम्प्लेटमध्ये सरळ ‘बिल.ग्राहक.शहर.नाव’ अशी साखळी लिही, तर तेही मला नको. १९८७ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात डेमिटरचा नियम मांडला गेला, तो हेच सांगतो: आपल्या थेट ओळखीच्या वस्तूशी बोला, तिच्या ओळखीच्यांशी नको. उद्या ग्राहक आणि शहर यांच्यामध्ये पत्त्याचं वेगळं टेबल आलं, तर चाळीस टेम्प्लेटं दुरुस्त करायची की एक प्रॉपर्टी? बिलाला ‘ग्राहकाचं शहर’ ही प्रॉपर्टी दिली की आतली रचना कितीही बदलो, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. बर्ट्रंड मेयरनं १९८८ च्या त्याच्या पुस्तकात हेच तत्त्व म्हणून मांडलं: किंमत साठवलेली आहे की हिशेब करून काढलेली आहे, हे वाचणाऱ्याला कळायची गरज नसावी.

डीबीए: साखळी नको हे तुझं मला शंभर टक्के मान्य. पण कळायची गरज नसावी, यात सगळी ग्यानबाची मेख आहे. आधी खर्चाचा हिशेब करू, तो सोपा आहे. यादीच्या पानावर ५०० बिलं आहेत. बिलं आणायला एक क्वेरी. मग प्रत्येक ओळीवर तुझी प्रॉपर्टी ग्राहकाकडे जाते, म्हणजे आणखी ५००. ग्राहकापुढे शहराकडे जायचं असेल तर आणखी ५००. झाल्या १००१. एका फेरीला २ मिलिसेकंद धरले तरी नुसत्या येण्याजाण्यात २ सेकंद गेले. तुझ्या लॅपटॉपवर दहा बिलं असतात, तिथे हे दिसत नाही; महिनाअखेरीला दिसतं. तू म्हणशील की ‘सिलेक्ट रिलेटेड’ लाव, एका जॉइनमध्ये सगळं येईल. येईल की! पण यादीचं पान लिहिणाऱ्या माणसाला ते लावायचं हे सुचणार कसं? साखळी समोर दिसली असती तर दोन टेबलं ओलांडतोय हे त्याला कळलं असतं. तुझ्या प्रॉपर्टीनं तेच तर झाकलं. शिवाय शहरावरून बिलं शोधायची म्हटलं, तर जँगोची साधी प्रॉपर्टी फिल्टरमध्ये चालतच नाही, कारण ती पायथॉनला ठाऊक असते, डेटाबेसला नाही. जँगो ५.० मध्ये, डिसेंबर २०२३ ला, डेटाबेसच्याच पातळीवर हिशेब करणारं जनरेटेड फील्ड आलं. पण तेही त्याच ओळीतल्या रकान्यांपुरतं. दुसऱ्या टेबलात डोकावायची त्याला मुभा नाही.

डेव्हलपर: हे सगळे अवजारांचे दोष झाले, कल्पनेचे नव्हेत. एसक्यूएलअल्केमीत हायब्रिड प्रॉपर्टी असते. एकच नाव पायथॉनमध्ये किंमत देतं आणि क्वेरीत एसक्यूएल बनतं. ओडूतलं रिलेटेड फील्ड साठवलेलं नसलं तरी त्यावर शोधता येतं. जँगोत हवा तो रकाना ‘अ‍ॅनोटेट’ करून क्वेरीतच जोडून घेता येतो. आणि कोणत्या पानाला काय लागतं ते मॅनेजरमध्ये एकदा नोंदवून ठेवलं की जॉइन विसरण्याचा प्रश्नही सुटतो. ज्या अडचणीवर तोडगा आहे, तिच्यापायी माहिती दोन जागी लिहून ठेवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर.

डीबीए: बरोबर बोललास, आणि वाद इथेच संपत असता तर तू जिंकला असतास. वेगाची दुखणी जॉइन, इंडेक्स, कॅश यांनी बरी होतात. माझा खरा आक्षेप वेगाचा नाहीच. तुझी प्रॉपर्टी नेहमी ‘आज काय आहे’ एवढंच सांगते. बिलाला मात्र ‘तेव्हा काय होतं’ ते सांगायचं असतं. तुझ्या आसपासचंच बघ. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली. कागदोपत्री बँगलोरचं बंगळुरू झालं, बेळगावचं बेळगावी, म्हैसूरचं म्हैसूरु, गुलबर्ग्याचं कलबुर्गी. शहरांच्या मास्टर टेबलात बारा ओळी बदलल्या की काम झालं. पण शहराचं नाव ज्यांनी प्रॉपर्टीतून आणलं असेल, त्यांची २०१३ मधली बिलं त्या रात्रीत बदलली. तेव्हा दिलेल्या कागदावर एक नाव, आज त्याच क्रमांकाच्या छापील प्रतीवर दुसरं. हा मामला नावाचाच म्हणून हसून सोडून देशील. मग दुसरं उदाहरण घे. २००७ पासून या शहराला एकच महापालिका होती, बीबीएमपी. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रेटर बंगळुरू अथॉरिटीखाली तिच्या पाच महापालिका झाल्या. समजा घरपट्टीच्या पावतीवर महापालिकेचं नाव ‘पावती.मिळकत.वॉर्ड.महापालिका’ अशा वाटेनं येतं. वॉर्ड नव्या महापालिकेला जोडला गेला की २०२१ ची पावती आज छापल्यावर काय म्हणेल? तेव्हा जन्मालाही न आलेल्या संस्थेनं पैसे घेतले, असं म्हणेल. कोडमध्ये कुठेही चूक नाही, डेटाही अचूक, आणि तरी कागद खोटा.

डेव्हलपर: नावांचं ठीक आहे. पण रकमा तर बिलात साठवलेल्याच असतात ना? पैशांना कुणी प्रॉपर्टी करत नाही.

डीबीए: रक्कम साठवतात, पण दर? सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराचा दर हा मालाचा गुण, म्हणून तो मालाच्या मास्टरमध्ये ठेवला आणि बिलाच्या ओळीवर प्रॉपर्टीनं दाखवला, असं समज. ऑगस्टमधल्या बिलावर आता दर दिसेल १८ टक्के आणि साठवलेली कराची रक्कम असेल २८ टक्क्यांची. एकाच ओळीत दोन आकडे भांडतील. याहून वाईट प्रकारही आहे. एखादा ग्राहक बंगळुरूचा कारभार पुण्याला हलवतो. मास्टरमध्ये कुणीतरी २९ नं सुरू होणारा कर्नाटकातला जीएसटी क्रमांक काढून २७ नं सुरू होणारा महाराष्ट्रातला घालतं. तुझा विक्रेता कर्नाटकातला. बिल राज्यातल्या राज्यात की परराज्यात, हे तू ग्राहकाच्या राज्यावरून प्रॉपर्टीनं ठरवत असशील, तर जुन्या बिलावरचे केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ टक्के जाऊन तिथे १८ टक्के आयजीएसटी उभा राहतो. खरेदीदाराच्या हातातला कागद मात्र जुनंच सांगतोय, आणि त्यावर त्यानं इनपुट टॅक्स क्रेडिटही घेतलंय. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नोंदणीकृत खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि क्रमांक हे बिलाचेच घटक आहेत, आणि वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवायचा असतो. तू जपून ठेवतोस ते बिल नाही. बिल ज्यावरून आज पुन्हा बनवता येईल अशी कच्ची सामग्री तेवढी जपतोस.

डेव्हलपर: पण ताई, उतरवून घेतलेली नक्कल शिळी होते त्याचं काय? ग्राहकाचा फोन बदलला, डिलिव्हरीवाला जुन्याच नंबरावर फोन लावत बसला. नावात टायपिंगची चूक होती, ती मास्टरमध्ये सुधारली, पण दोनशे बिलांत तशीच राहिली. तुमच्या पद्धतीत चूकसुद्धा अजरामर होते. आणि ओडूत तर ‘स्टोअर’ चालू केलं की रिलेटेड फील्ड साठवलंही जातं आणि मूळ बदललं की आपोआप नवंही होतं. दोन्हींचा फायदा मिळतो की.

डीबीए: फोनचं तुझं खरं आहे. डिलिव्हरीवाल्याला आजचा नंबर हवा, तिथे प्रॉपर्टीच हवी. नक्कल केली तर ती चूक ठरेल. पण ओडूच्या साठवलेल्या फील्डाचं नीट बघ. ते साठवलेलं असलं तरी साक्ष देत नाही. ती फक्त वेगासाठी ठेवलेली प्रत आहे. मूळ बदललं की मागच्या लाखभर ओळी तीही बदलून टाकते. म्हणजे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत: दर वेळी जाऊन आणलेलं, जवळ साठवून ताजं ठेवलेलं, आणि एकदा उतरवून कायम केलेलं. पहिले दोन ‘आज’चे, तिसरा ‘तेव्हा’चा. लोक दुसऱ्याला तिसरा समजतात आणि तिथेच फसतात. आता टायपिंगच्या चुकीचं. चूक होती की बदल झाला, हे डेटाबेसला कळत नाही. माणसानंच सांगावं लागतं. मुंबईच्या फ्रापेनं बनवलेल्या फ्रेमवर्कमध्ये, ज्यावर ईआरपीनेक्स्ट उभं आहे, याची एक चांगली सोय आहे. तिथे फील्डाला ‘फेच फ्रॉम’ लावलं की ग्राहकाकडची किंमत बिलात उतरते. बिल मसुदा असेपर्यंत प्रत्येक वेळी सेव्ह करताना ती नव्यानं आणली जाते. एकदा सबमिट केलं की, मुद्दाम मुभा दिलेली फील्डं सोडली तर, ती तिथेच थांबते. चूक निघाली तर बिल रद्द करून सुधारित बिल काढायचं. दोन्ही कागद मागे राहतात. म्हणजे तुझी प्रॉपर्टी आणि माझी नक्कल एकाच फील्डाच्या दोन अवस्था झाल्या. मसुद्यात ते ग्राहकाचं आहे, सबमिट झाल्यावर बिलाचं.

डेव्हलपर: हे मला पटतंय, पण यात तुम्ही इतिहास जपायचं काम प्रत्येक टेबलावर टाकताय. त्यापेक्षा मूळ टेबलच इतिहास जपणारं का नको? मारियाडीबीत १०.३ पासून, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून अशी टेबलं आहेत की ओळ बदलली तरी जुनी ओळ तारखेसकट मागे राहते. मग ग्राहकाचं नाव एकाच जागी राहील आणि बिलाच्या तारखेला ते काय होतं हेही सांगता येईल. कॉडही खूश, तुम्हीही खूश.

डीबीए: कल्पना उत्तम आहे, आणि आपल्याकडचे महसूल खातेवाले ती कागदावर फार पूर्वीपासून राबवतायत. सातबारा बघ. जमीन विकली गेली म्हणून जुन्या मालकाचं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस होतो, नवं नाव चढतं, आणि बदल कशावरून झाला तो फेरफार क्रमांक शेजारी येतो. एकाच उताऱ्यावर आजचा मालकही दिसतो आणि तो कसा झाला याचा मागही राहतो. पण त्यातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आणून द्यायची आहे. सातबाऱ्यावरचं नाव खरेदीखतातून आपोआप उमटत नाही. कर्नाटकात तर दोन्ही बाजू संगणकावर आहेत: जमिनीच्या नोंदी ‘भूमी’मध्ये, ज्यात २००० च्या आसपास सुमारे दोन कोटी पहाण्या, म्हणजे तिथले सातबारे, भरल्या गेल्या, आणि दस्तनोंदणी ‘कावेरी’मध्ये. दोन्ही एकमेकांना जोडलेल्याही आहेत. खरेदीखत नोंदलं की भूमीकडे सूचना जाते. तुझ्यासारख्यानं पहाणीवरच्या मालकाला सरळ ‘शेवटचं खरेदीखत.खरेदीदार’ अशी प्रॉपर्टी केली असती. तशी केलेली नाही, कारण मध्ये नोटीस आहे, हरकतीची मुदत आहे, अधिकाऱ्याचा निर्णय आहे. दस्त आणि हक्काची नोंद यांच्यात कायद्यानं मुद्दाम ठेवलेलं अंतर आहे. एका फील्डाची किंमत दुसऱ्यातून काढता येते, एवढ्यावरून ती तशी काढायची असं ठरत नाही.

डेव्हलपर: पण इतिहास जपणाऱ्या टेबलाचं उत्तर राहिलंच.

डीबीए: ते देते. इतिहासाचं टेबल असेल तर जरूर वापर. पण मग तुला ‘कोणत्या तारखेला’ हे विचारावं लागणार, आणि प्रॉपर्टीला काही विचारता येत नाही. तिला आर्ग्युमेंट नसतं. म्हणून तिथे ‘ग्राहक.पत्ता’ राहत नाही, ‘ग्राहक.पत्ता_रोजी(तारीख)’ अशी मेथड होते. आणि तारीख तरी कोणती? बिलाची, माल निघाल्याची, की नोंद चढवल्याची? मार्चमध्ये बदललेला पत्ता मास्टरमध्ये मे महिन्यात चढला, तर एप्रिलचं बिल टेबलाच्या दृष्टीनं जुन्या पत्त्याचं आणि व्यवहाराच्या दृष्टीनं नव्या पत्त्याचं. उत्तर तारखेवर अवलंबून आहे असं जिथे दिसेल, तिथे प्रॉपर्टी ही चुकीची घडण आहे. ती तारीख झाकते आणि तिच्या जागी गुपचूप ‘आज’ भरते.

डेव्हलपर: म्हणजे प्रॉपर्टीला तुम्ही फक्त फोन नंबरापुरती जागा ठेवली.

डीबीए: छे, उलट एक मोठी जागा देते. आधार क्रमांकाचं बघ. यूआयडीएआयनं २०१७ मध्ये सांगितलं की हे क्रमांक वेगळ्या व्हॉल्टमध्ये ठेवा आणि बाकीच्या यंत्रणांत फक्त संदर्भ-की वापरा. आता कर्मचाऱ्याच्या मॉडेलवर कुणी सोयीसाठी ‘आधार’ अशी प्रॉपर्टी टाकली, जी की घेऊन व्हॉल्टमधून पूर्ण क्रमांक आणते, तर भिंत बांधून तिला स्वतःच खिंडार पाडल्यासारखं झालं. पण तीच प्रॉपर्टी शेवटचे चार आकडे तेवढे दाखवत असेल, तर ती भिंतीचं काम करते. जवळच्या टेबलातलं फील्ड उघडं करणं हा परवानगीचाही निर्णय असतो. ओडूत रिलेटेड फील्ड मुळातच वरिष्ठ अधिकारानं वाचलं जातं. ज्याला ग्राहकाचं रेकॉर्ड उघडायची परवानगी नाही, त्यालाही बिलावरून ग्राहकाचं ते फील्ड दिसू शकतं. हे सोयीसाठीच केलंय आणि बहुतेक ठिकाणी चालतं. पण कोणतं फील्ड असं बाहेर काढायचं हे ज्यानं ठरवलं, त्यानं आपण दार उघडतोय हे जाणून उघडावं.

इथे संवाद थांबवून मला माझे म्हणणे मांडायचे आहे. डेव्हलपरची बाजू कमकुवत नाही. एक गोष्ट एकाच जागी लिहावी हे तत्त्व आजही खरे आहे. मात्र ते लावण्यापूर्वी गोष्ट एकच आहे की दोन, हे पाहावे लागते. ‘ग्राहकाचे नाव’ आणि ‘या बिलावर ग्राहकाचे जे नाव लिहिले गेले ते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आज सारख्या दिसतात म्हणून एकीला दुसरीची नक्कल समजले जाते. पहिली बदलू शकते. दुसरी ही घडून गेलेली घटना आहे. घटना साठवल्याने नॉर्मलायझेशन मोडत नाही. कॉडच्या शिस्तीला पुनरुक्ती नको असते, आणि इथे पुनरुक्ती नाहीच. या दृष्टीने पाहिले की डीबीएच्या बाजूचा निकष हाती येतो, आणि तो ‘फील्ड कोणत्या टेबलात राहते’ याच्याही आधी विचारण्याचा आहे: कागद बाहेर पडल्यावर हे फील्ड बदलण्याचा अधिकार कुणाला आहे? ग्राहकाला एकट्याला असेल, जसा त्याच्या फोनवर असतो, तर प्रॉपर्टी. कुणालाच नसेल, जसा दिलेल्या बिलावरच्या दरावर किंवा पत्त्यावर नसतो, तर स्वतंत्र रकाना. दिलेले बिल ही फक्त आपली नोंद उरत नाही. त्याची दुसरी प्रत खरेदीदाराकडे असते, तिच्यावर तो हिशेब करतो, कर खाते दोन्ही प्रती ताडून पाहते. आपल्या मास्टरमधला एक बदल त्या दुसऱ्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आपल्याकडची प्रतही आपोआप बदलता कामा नये.

यावर दोन आक्षेप उरतात. पहिला जागेचा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. एक कोटी बिलांत तो उतरवून घेतला तर साधारण १५० एमबी होतात. आजच्या डिस्कच्या भावात हा आकडा चर्चेलाही पुरत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: इतका विचार प्रत्येक फील्डामागे करायचा तर काम उरकणार कधी? प्रत्येक फील्डामागे करायला लागत नाही. ज्या मॉडेलांच्या नोंदी बाहेरच्या माणसाच्या हाती जातात, म्हणजे बिल, पावती, नेमणूकपत्र, गुणपत्रिका, उतारा, तिथे मुळात रकाना धरावा आणि प्रॉपर्टी हवी असेल तर कारण मागावे. डॅशबोर्ड, याद्या, संपर्क, चालू कामे अशा घरच्या वापराच्या मॉडेलांत मुळात प्रॉपर्टी धरावी आणि नक्कल हवी असेल तर कारण मागावे. मसुदा ते सबमिट असा प्रवास करणाऱ्या नोंदींना फ्रापेची वाट चांगली. आणि प्रॉपर्टी निवडली तर तिच्यासोबत दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ती किती टेबले ओलांडते, आणि कुणाच्या अधिकाराने वाचते. पहिलीमुळे यादीचे पान लिहिणाऱ्याला जॉइन सुचेल, दुसरीमुळे दार उघडणाऱ्याला दार दिसेल. डेव्हलपरचा एक मुद्दा यानंतरही शाबूत राहतो, तो म्हणजे बाहेरच्या कोडने साखळ्या लिहू नयेत. तो पाळायला अडचण काहीच नाही. ‘बिल.ग्राहकाचे_शहर’ हे नाव तसेच ठेवता येते. त्याच्या मागे प्रॉपर्टी आहे की रकाना, हे मात्र मॉडेल लिहिणाऱ्याने नाव देण्यापूर्वी ठरवलेले असावे, कारण तीन वर्षांनी बिल पुन्हा छापले जाईल तेव्हा ते ठरवण्याची संधी गेलेली असते: तेव्हाची किंमत कुणी उतरवून ठेवली नसेल, तर ती आता आणायची कुठून?